बंदूक, तोंड आणि मालकाचा फुटपाथ

(युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलंय.)



विषय अमेरिकेचा आहे. बंदुकीबद्दल फेसबुक, यूट्यूब या कंपन्या काय दाखवू देतात, काय उडवतात, आणि ज्याला भाषणस्वातंत्र्य म्हणतात त्याची त्यात काय गत होते, हा. फलकावर विषय वाचून एका दादानं मला जिन्यातच धरलं. म्हणाला, आपल्या पोरांना काम नाय आणि तू अमेरिकेच्या बंदुका काय वाजवतोस? मी म्हटलं, दादा, पँथर हा शब्द कुठनं आणला आपण? १९७२ साली मुंबईत ज्यांनी तो घेतला त्यांनी ओकलंडच्या काळ्या पोरांकडनं घेतला. त्या पोरांच्या एका हातात बंदूक होती आणि दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक. म्हणजे विषय घरचाच आहे. फक्त घर लांब आहे.

१९६६ च्या ऑक्टोबरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. काम काय? पोलिसाची गाडी काळ्यांच्या वस्तीत शिरली की हे मागोमाग. पोलीस कुणाला अडवतोय, कुणाची झडती घेतोय, ते जरा अंतरावर उभं राहून बघायचं. शस्त्र उघड, भरलेलं. कॅलिफोर्नियात तेव्हा ते कायदेशीर होतं. गोऱ्यानं बंदूक मिरवली तोवर कुणाच्या पोटात दुखलं नाही. काळ्यानं खांद्यावर घेतली, लगेच मलफर्ड नावाच्या आमदारानं विधेयक आणलं. २ मे १९६७ ला पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात घुसले, सीलनं निवेदन वाचलं, सगळ्या जगानं फोटो बघितले. जुलैत गव्हर्नर रोनाल्ड रेगननं कायद्यावर सही ठोकली. आणि एनआरए, म्हणजे राष्ट्रीय रायफल संघटना, जिला आज बंदुकीवरचं केसभर बंधन सोसत नाही, ती तेव्हा या कायद्याच्या बाजूनं उभी होती! हक्क जुनाच. हात बदलला की हक्काचा गुन्हा होतो.

त्याच्याही आधीचं सांगतो. मेम्फिस गावात आयडा बी. वेल्स नावाची काळी बाई वर्तमानपत्र चालवायची. पत्राचं नाव ऐका, 'फ्री स्पीच'. १८९२ साली गावच्या गोऱ्यांनी तिच्या ओळखीच्या तीन काळ्या माणसांना ठार केलं. गुन्हा काय, तर त्यांचं किराणा दुकान चांगलं चाललं होतं. बाईनं लिहिलं. ती गावाबाहेर असताना जमावानं छापखाना फोडला, परत आलीस तर मारू म्हणून निरोप धाडला. तिनं त्याच साली पुस्तिका काढली आणि सरळ सांगून टाकलं की जिथं कायदा राखत नाही तिथं काळ्या माणसानं घरात रायफल ठेवावी. म्हणजे बघा, पत्राचं नाव भाषणस्वातंत्र्य, ते फोडलं जमावानं, आणि बाईला आठवली बंदूक. हे दोन विषय अमेरिकेत पहिल्यापासनं एकाच दोरीला बांधलेत. आजच्या वकिलांना वाटतं ते फेसबुक आल्यावर सुरू झालं.

आता आजचं. अमेरिकेत बंदुकीनं किती मरतात? २०२१ साली ४८ हजारांच्या वर. त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्याच हातानं. २०२० पासनं तिथं पोरांच्या मरणाचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, रोग नाही, मोटार नाही. तेव्हा कुणी मला म्हणेल की बंदुकीचा बाजार फोनमध्ये मोकळा सोडा, तर मी त्याच्या बाजूचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना गोंधळ नको.

जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकनं ठरवलं की खाजगी माणसांनी आपापसात बंदुका विकायच्या नाहीत, फेसबुकवरही नाही, इन्स्टाग्रामवरही नाही. परवानावाला दुकानदार आपलं पान ठेवू शकतो, सौदा बाहेर करायचा. चांगलं झालं. पण २०२२ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'नं छापलं, की नियम मोडणाऱ्या विक्रेत्याला हाकलण्याआधी फेसबुक दहा वेळा माफ करतं. दहा! आमच्या गोदीत दोनदा उशीर झाला तर मुकादम पाळी कापतो.

यूट्यूबचं असं. १ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासमध्ये हॉटेलच्या खिडकीतनं एकानं गाण्याच्या कार्यक्रमावर गोळ्या झाडल्या. जखमांनी नंतर मेलेले धरून ६० माणसं गेली. त्यानं बंदुकीला बंप स्टॉक जोडला होता. साधी बंदूक त्यानं जवळजवळ मशीनगनसारखी चालते. मग यूट्यूबनं तो कसा बसवायचा ते शिकवणारे व्हिडिओ काढले. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत १७ मेले. मार्चमध्ये नियम आणखी आवळला: बंदूक विकणारे दुवे नकोत, घरी बंदूक कशी बनवायची ते नको, आवाज दाबायची नळी कशी बनवायची ते नको. बंदूकवाले चिडले. त्यातल्या एका चॅनेलनं तर आपले व्हिडिओ नागड्या फिल्मांच्या साइटवर नेऊन टाकले! हसू नका. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ते म्हणाले, नियम मोघम आहे, कशावरनं काय उडेल ते कळत नाही. पुढं जून २०२४ मध्ये यूट्यूबनं आणखी जोडलं: घरगुती बनावटीच्या आणि ऑटोमॅटिक बंदुकांचे व्हिडिओ १८ वर्षांखाली नाही, आणि बंदुकीचं सेफ्टीचं साधन कसं काढायचं ते कुणालाच नाही.

कागद चांगला आहे. कागदामागचं यंत्र बघा. २०२३ मध्ये टेक ट्रान्स्परन्सी प्रोजेक्ट या संस्थेनं नऊ वर्षांच्या पोरांच्या नावानं खाती उघडली. त्यातल्या एका खात्यानं यूट्यूबनं सुचवलेलं बघायला सुरुवात केली. महिन्याभरात त्याच्या पुढ्यात बंदुकीचे ३८२ व्हिडिओ आले. पोरानं मागितले नव्हते. यंत्रानं वाढले. तेव्हा कंपनी म्हणते मी फक्त फळा आहे, लिहिणारे दुसरेच, हे खोटं आहे. फळा स्वतः चालत पोराच्या उशाशी येत नाही.

मग भाषणस्वातंत्र्य कुठं आलं यात? बहुतेकांचा घोटाळा इथंच होतो. अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते. सरकारनं तोंड दाबायचं नाही. मालकानं दाबू नये असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. फेसबुक मालक आहे. तुझी पोस्ट उडवली तर पहिल्या दुरुस्तीचं काही बिघडत नाही.

शिवाय १९९६ चा एक कायदा आहे, त्याचं २३० वं कलम. ते मी गोदीवाल्याच्या भाषेत सांगतो. कन्टेनर जहाजावर चढतो तेव्हा बिल ऑफ लेडिंगवर जहाज कंपनी लिहिते, आत अमुक माल असल्याचं सांगण्यात आलं आहे. म्हणजे आम्ही उघडून बघितलेलं नाही, आत काय निघालं तर जबाबदारी माल भरणाऱ्याची. २३० वं कलम कंपन्यांना हेच देतं: दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला तुम्ही प्रकाशक म्हणून जबाबदार नाही. पण पुढं आणखी देतं. तुम्हाला आक्षेपार्ह वाटलं तर प्रामाणिकपणे काढून टाका, त्याचाही दावा तुमच्यावर लागणार नाही. आता सांगा, जगात कुठल्या जहाजवाल्याला अशी सवलत आहे? माल कसला म्हणून विचारलं की म्हणायचं आम्ही बघितला नाही, आणि आवडला नाही तर कन्टेनर फोडून समुद्रात फेकायचा, भरपाई नाही!

पण अमेरिकेच्याच कोर्टानं एकदा वेगळं बघितलं होतं. अलाबामात मोबिल बंदराजवळ चिकसॉ नावाची वसाहत होती. गल्फ शिपबिल्डिंग या जहाज बांधणाऱ्या कंपनीच्या मालकीची. घरं कंपनीची, रस्ते कंपनीचे, गटारं कंपनीची, पोलिसाचा पगार कंपनीचा. यहोवाच्या साक्षीदारांपैकी एक बाई पोस्टाजवळच्या फुटपाथवर धर्माची पत्रकं वाटत उभी राहिली. कंपनी म्हणाली, फुटपाथ आमचा, निघ. ती निघाली नाही. अटक. १९४६ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, मार्श विरुद्ध अलाबामा. न्यायमूर्ती ह्युगो ब्लॅक यांच्या निकालाचा मतलब असा: जागा मालकाची असली म्हणून काय झालं, ती तुम्ही गावासारखी सगळ्यांना उघडी केलीत, मग तिथं राहणाऱ्याचं तोंड तुम्हाला बांधता येणार नाही.

हा निकाल वाचला तेव्हा मी रात्रपाळीला होतो, दोनदा वाचला. आज सगळं जग चिकसॉ झालंय. पोस्ट त्यांचं, फुटपाथ त्यांचा, चावडी त्यांची.

पण पुढं कोर्टानं दार लोटत आणलं. १९७६ साली जॉर्जियात एका बुटांच्या कंपनीच्या गोदामाचे संपकरी कामगार मॉलमधल्या दुकानापुढं फलक घेऊन उभे राहिले. कोर्ट म्हणालं, मॉल खाजगी आहे, पहिली दुरुस्ती इथं लागू नाही. कामगार बाहेर. आणि २०२० मध्ये उजव्या विचाराच्या एका संस्थेनं यूट्यूबविरुद्ध चिकसॉचाच दाखला दिला, तर अपिलाच्या कोर्टानं तो उडवून लावला. यूट्यूब म्हणजे गाव नव्हे, म्हणाले. मला त्या संस्थेचं राजकारण मान्य नाही. तिचा मुद्दा मला खोडता येत नाही.

२०२१ मध्ये टेक्सस आणि फ्लोरिडाच्या सरकारांनी कायदे केले की मोठ्या कंपन्यांनी मतावरनं पोस्ट काढायच्या नाहीत. १ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं दोन्ही खटले पुन्हा विचारासाठी खाली पाठवले आणि जाता जाता सांगितलं, काय दाखवायचं काय नाही हे निवडणं हेच कंपनीचं बोलणं आहे, त्याला घटनेचं संरक्षण आहे. म्हणजे बोलण्याचा हक्क आहे, पण तो मालकाचा. आपलं बोलणं हा त्याच्या बोलण्याचा कच्चा माल!

त्याच्या महिनाभर आधी, ३० मे २०२४ ला, एनआरएचा खटला लागला होता. पार्कलंडनंतर न्यूयॉर्क राज्याच्या एका बड्या अधिकाऱ्यानं विमा कंपन्यांना दम दिला की एनआरएशी धंदा तोडा, असा आरोप. सुप्रीम कोर्ट एकमतानं म्हणालं, आरोप खरा असेल तर हे घटनेविरुद्ध आहे. सरकारनं स्वतः तोंड दाबायचं नाही आणि दुसऱ्याकडनंही दाबून घ्यायचं नाही. एनआरएची वकिली कुणी केली? नागरी हक्कवाल्या एसीएलयूनं, जी बंदुकीच्या प्रश्नावर तिच्या उलट्या बाजूला. मला हे आवडलं. दुश्मनाचा हक्क राखला तर आपला राहतो हे त्यांना कळतं.

हा निकाल लक्षात ठेवा आणि आता मागं चला, २०१६ च्या उन्हाळ्यात.

६ जुलैला मिनेसोटात पोलिसानं एक गाडी अडवली. गाडीत शाळेच्या खानावळीत काम करणारा ३२ वर्षांचा काळा माणूस, त्याची मैत्रीण, मागं तिची लहान पोर. माणसाकडं परवान्याची बंदूक होती. त्यानं स्वतःहून अदबीनं सांगितलं, साहेब, माझ्याकडं शस्त्र आहे. पोलिसानं गोळ्या घातल्या. बाईनं फोन काढून फेसबुकवर थेट दाखवायला सुरुवात केली. शेजारी माणूस मरतोय आणि ती जगाला सांगतेय काय झालं ते. थोड्या वेळानं व्हिडिओ गायब. मग परत आला. कंपनी म्हणाली, तांत्रिक बिघाड. एनआरएनं मोघम पत्रक काढलं, त्यात मेलेल्याचं नावसुद्धा नव्हतं. परवानावाल्याचा कैवार घेणारी संघटना! पुढच्या वर्षी पोलीस निर्दोष सुटला.

महिना झाला नाही तोवर १ ऑगस्टला बाल्टिमोरजवळ पोलीस एका २३ वर्षांच्या काळ्या बाईच्या घरी वॉरंट घेऊन गेले. भानगड वाहतुकीच्या खटल्यातली. तिच्या हातात शॉटगन, कडेला पाच वर्षांचं पोर. काही तास पेच चालला. ती आतनं व्हिडिओ टाकत होती. पोलिसांनी फेसबुकला सांगितलं, हिचं खातं बंद करा, लोक हिला चढवताहेत. कंपनीनं बंद केलं. मग पोलिसांनी तिला ठार केलं. पोरगं जखमी झालं. त्या वेळी आत काय झालं ते पोलिसांच्या तोंडूनच ऐकायला मिळालं, कारण दुसरं तोंड आधीच बंद केलेलं होतं.

बंदुकीसाठी बंद केलं का तिचं खातं? तिच्या हातातली बंदूक पोलिसांना दारातनं दिसतच होती. बंद केला तो फोन.

डॅलसचा राकेम बलोगन. त्यानं ह्युई न्यूटनच्या नावानं गन क्लब काढला होता. काळ्यांनी कायद्यात राहून शस्त्र बाळगावं, पोलिसांच्या जुलुमाविरुद्ध मोर्चे काढावेत. एफबीआयची त्याच्या फेसबुकवर नजर. ऑगस्ट २०१७ मध्ये एफबीआयनं 'काळे अस्मितावादी अतिरेकी' असा एक नवाच वर्ग काढला आणि डिसेंबरात याला पहाटे घरातनं उचललं. पोलिसांना मारणाऱ्याची भलामण करणारी एक पोस्टही त्याच्या नावावर होती, ती मला पसंत नाही. पण पोस्टवर खटला भरता येईना, म्हणून टेनेसीतल्या एका जुन्या शिक्षेमुळं तुला बंदूक बाळगता येत नाही असा आरोप ठेवला. पाच महिने आत. मे २०१८ मध्ये न्यायाधीशानं आरोपच रद्द केला. तोवर नोकरी गेली, घर गेलं. त्याच वर्षांत गोरे लोक यूट्यूबवर रोज नवी बंदूक खोलून, पुसून, झाडून दाखवत होते आणि जाहिरातीचे पैसे घेत होते. त्याला छंद म्हणतात.

आता दुसरी बाजू, ती लपवणार नाही. १५ मार्च २०१९, न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च. गोऱ्या वर्चस्ववाद्यानं मशिदींत ५१ माणसं मारली आणि १७ मिनिटं फेसबुकवर थेट दाखवलं. पहिल्या २४ तासांत कंपनीनं त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढल्या. १४ मे २०२२, न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. काळ्यांच्या वस्तीतलं किराणा दुकान, दहा काळी माणसं ठार, ट्विचवर थेट. कंपनीनं दोन मिनिटांच्या आत तोडलं, तरी प्रती पसरल्याच. मेम्फिसच्या किराणा दुकानापासनं बफेलोच्या किराणा दुकानापर्यंत १३० वर्षं. आधी लोक लटकवलेल्या माणसाचे फोटो पोस्टकार्डावर छापून विकायचे. ते भाषणस्वातंत्र्य होतं का? असलं काढलंच पाहिजे, त्यासाठी मला कुठल्या न्यायमूर्तीला विचारायची गरज नाही.

आणि ती छापायची बंदूक. २०१३ साली टेक्ससच्या कोडी विल्सननं प्लॅस्टिकच्या बंदुकीचा आराखडा जालावर ठेवला. यंत्रात घाला, भाग छापा, घोड्याला एक खिळा लावा, झाली तयार. सरकारनं काढायला लावेपर्यंत लाखावर लोकांनी उतरवून घेतला. विल्सन म्हणाला, हा आराखडा म्हणजे भाषा आहे, मला बोलू द्या. २०१८ मध्ये सरकारनं त्याच्याशी तडजोड केली, तर ३१ जुलैला सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशानं ती रोखली. ऑगस्टात असे आराखडे ठेवणाऱ्या साइटचे दुवे फेसबुकनं अडवले. आपण कवी माणसं. शब्दानं स्फोट होतो असं आपण म्हणतो. पण माझी कविता यंत्रात घातली तर तिच्यातनं गोळी सुटत नाही. ज्याचं बटण दाबलं की हत्यार बाहेर पडतं त्याला मी बोलणं म्हणणार नाही. वकिलांनी म्हणावं.

बाबासाहेबांचं काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण अमेरिकेत शिकलेला तो माणूस या दोन्ही प्रश्नांवर बोललाय. १९३६ साली जातीच्या निर्मूलनावर लिहिताना त्यांनी दाखवलं की चातुर्वर्ण्यानं खालच्या माणसाच्या हातातनं शस्त्र आणि विद्या दोन्ही काढून घेतली, म्हणून इथं बंड झालं नाही. हात पण बांधले, तोंड पण. पण डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत कामतांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क मागितला तेव्हा बाबासाहेबांनी नकार दिला. आणि त्याच्या महिनाभर आधी, ४ नोव्हेंबरला, मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकन कोर्टाचा गिटलो खटला समोर ठेवला होता: अमेरिकेतसुद्धा भाषणाचा हक्क बेलगाम नाही. कुणी म्हणेल ही उलटसुलट भूमिका आहे. मला तसं वाटत नाही. बंधन कुणी घालायचं, उघड घालायचं का, कोर्टात त्याला जाब विचारता येतो का, हा त्यांचा प्रश्न होता. मनूला जाब विचारता येत नव्हता. १९ व्या कलमाला येतो. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवर बंदविरुद्ध लिहिल्यावरनं, दुसरीला तर नुसतं लाइक केल्यावरनं पकडलं, आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ६६-अ कलमच उडवलं. जाब विचारला म्हणून उडालं.

फेसबुकच्या नियमाला जाब कुठं विचारायचा? माझी एक कविता एका कंपनीनं उडवली. तिच्यात बंदूक हा शब्द होता, ती आजोबांच्या स्वप्नात येते, बस. कारण काय तर समाजाचे नियम. कुठल्या समाजाचे, ते नाही सांगितलं. तक्रार केली, चार सेकंदांत उत्तर आलं. चार सेकंदांत माणूस कविता वाचत नाही. आणि त्याच फोनवर तलवारीनं केक कापणारे भाऊ रोज दिसतात, खाली बदाम.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. बंदूक विकणं हा धंदा आहे, तो बंद करायला लावा, त्यात भाषण आणू नका. खून थेट दाखवणारा व्हिडिओ काढा. पण पोलीस समोर असताना चाललेला फोन पोलिसाच्या सांगण्यावरनं बंद करायचा नाही, कोर्टाचा लेखी हुकूम असल्याशिवाय, आणि तो हुकूम नंतर सगळ्यांना वाचायला मिळाला पाहिजे. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यानं विमा कंपनीला दम देणं घटनेविरुद्ध असेल, तर बाल्टिमोरच्या पोलिसानं फेसबुकला फोन करणं काय होतं? एनआरएसाठी नऊच्या नऊ न्यायमूर्ती एक झाले. त्या बाईसाठी हा प्रश्न त्या कोर्टापुढं गेलाच नाही.

वाक्य उडवलं तर कुठलं आणि कोणत्या नियमानं ते लिहून द्या, माणसाच्या सहीनं. अपील कंपनीच्या नोकराकडं नको. आणि कंपनीचा नियम मंत्री बदलला की बदलतो, हे जानेवारी २०२५ ला सगळ्यांनी बघितलं. ट्रम्प गादीवर बसायच्या आधीच झुकरबर्गनं व्हिडिओ काढून सांगितलं, अमेरिकेत तथ्य तपासणं बंद, बोलण्यावरची बंधनं ढिली. चिकसॉच्या मालकानं निदान गटारं तरी बांधली होती.

त्या निकालांचं मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर मराठी टिपण केलंय. चुका असतील, वकिली शिकणाऱ्या पोरांनी तपासावं. सात कागद आहेत, मागच्या बाकावर ठेवलेत, वाचून परत ठेवा, घरी नेऊ नका. पहिला प्रश्न त्या जिन्यातल्या दादांनी विचारावा.